धूमकेतू कृत्तिकांजवळ असताना स्टॅकमध्ये रेघा का राहतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना: एपीएस-सी डीएसएलआर, २०० मिमी लेन्स, छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र). गेल्या खेपेला धूमकेतू एका तारकागुच्छाजवळ होता तेव्हा तीन-तीन मिनिटांच्या १५ फ्रेम घेतल्या, ताऱ्यांवर अलाइन करून (सगळ्या फ्रेममधले तारे एकावर एक जुळवून) स्टॅक केलं, म्हणजे सगळ्या फ्रेमचा मिळून एक फोटो केला, तर धूमकेतूची रेघ झाली, धूमकेतूवर अलाइन केलं तर गुच्छातले मोठे तारे सॉसेजसारखे लांब झाले, आणि आता पुढचा धूमकेतू कृत्तिकांच्या शेजारून दिवसाला साधारण एक अंश या वेगाने जाणार आहे तर एक्स्पोजर किती ठेवू? तीन मिनिटं जास्त होतात का, एक मिनिट केलं तर रेघा जातील का?

आधी हेच सांगतो की तुमचं एक्स्पोजर फारसं चुकलेलं नाही. चूक दुसरीकडे आहे आणि ती जवळपास सगळेच करतात, मीही केलीय.

हिशोब करून बघू, अवघड काही नाही. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा, लेन्सच्या मिलिमीटरने भागा, म्हणजे एक पिक्सेल आकाशातले किती आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक) बघतो ते कळतं. तुमच्यासारख्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे २०० मिमीवर जवळपास ४ आर्कसेकंद. आता धूमकेतूचा वेग. दिवसाला एक अंश म्हणजे मिनिटाला अडीच आर्कसेकंद, हा आकडा पाठच करून ठेवा, फार कामाला येतो. तीन मिनिटांत तो साडेसात आर्कसेकंद सरकला, म्हणजे दोन पिक्सेलसुद्धा नाही. २०० मिमी लेन्सवर ताराच दोन-तीन पिक्सेलचा येतो, त्यामुळे एका फ्रेममध्ये धूमकेतूची नाभी (डोक्याच्या मधला तेजस्वी ठिपका) गोलच दिसणार. खात्री करायची तर तुमची एखादी जुनी फ्रेम १०० टक्के झूम करून बघा. नाभी अंड्यासारखी लांबट दिसत असेल आणि बाजूचे तारे गोल असतील तरच एक्स्पोजर जास्त झालं म्हणायचं. दोन्ही एकाच दिशेला लांबट असतील तर ट्रॅकरचं पोलर अलाइनमेंट (त्याचा अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलाय का) बघा, धूमकेतूचा त्यात दोष नाही.

मग रेघा कुठून आल्या? १५ फ्रेम गुणिले तीन मिनिटं म्हणजे ४५ मिनिटं. तेवढ्या वेळात धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत २८ पिक्सेल सरकला. स्टॅकिंगमधलं सिग्मा क्लिपिंग कसं चालतं ते आठवा: एका पिक्सेलवर १५ फ्रेममधले १५ आकडे येतात, त्यातले जे एक-दोन बाकीच्यांपेक्षा फार वेगळे असतील ते फेकून द्यायचे. धूमकेतूवर अलाइन केलं की तारे सरकतात, म्हणजे एखादा तारा एका पिक्सेलवरून जाताना फक्त काहीच फ्रेममध्ये तिथे असतो आणि बाकी फ्रेममध्ये तिथे काळं आकाश असतं, तेव्हाच तो वेगळा पडून फेकला जातो. पाच पिक्सेलचा बारीक तारा २० आर्कसेकंदाचा, त्याला स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे १५ पैकी तीन फ्रेम, तो बऱ्यापैकी जातो. पण अल्सायनीसारखा तेजस्वी तारा, कृत्तिकांमधला सगळ्यात मोठा, साधारण तिसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), त्याचा हॅलो (भोवती पसरलेला उजेड) २०० मिमीवर सहज ४० पिक्सेल येतो. ४० पिक्सेल म्हणजे १६० आर्कसेकंद, तेवढं सरकायला ६४ मिनिटं. तुमचं अख्खं सेशनच ४५ मिनिटांचं! म्हणजे हॅलोच्या मधल्या भागातले पिक्सेल सगळ्याच फ्रेममध्ये हॅलोखाली राहिले, आता बिचाऱ्या सॉफ्टवेअरने फेकायचं काय आणि ठेवायचं काय? त्याच्या दृष्टीने तेच आकाश झालं. म्हणून बारीक तारे गेले आणि मोठ्यांचे सॉसेज राहिले, तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच.

तर खरा प्रश्न एका फ्रेमचा नाहीच, एकूण किती वेळ शूट केलं आणि कशाच्या शेजारी केलं हा आहे. एक मिनिटाच्या ४५ फ्रेम घेतल्या असत्या तरी हॅलो तेवढाच वेळ त्याच जागी राहिला असता.

इथे गुच्छागुच्छात फरक पडतो. ययातीमधला जुळा तारकागुच्छ, एनजीसी ८६९ आणि ८८४, तिथे तारे ढिगाने आहेत पण बारीक आहेत, त्यामुळे रेघा लवकर साफ होतात. २०१० च्या ऑक्टोबरात १०३पी/हार्टली हा धूमकेतू तिथून गेला होता आणि २०२० च्या जानेवारीत सी/२०१७ टी२ पॅनस्टार्स, हौशी लोकांनी या दोन्ही वेळा भरपूर फोटो काढले. कर्केतला मधमाश्यांचा गुच्छ, एम४४, तोही बरा, तिथले सगळ्यात तेजस्वी तारेसुद्धा सहाव्या प्रतीच्या आसपासचे आहेत. कृत्तिका मात्र सगळ्यात छळवादी, कारण मोठे तारे आणि त्यांच्याभोवती निळसर धुळीचा तेजोमेघ. तो तेजोमेघही ताऱ्यांबरोबर सरकतो आणि धूमकेतूच्या स्टॅकमध्ये पुसलेल्या फळ्यासारखा निळा फराटा सोडून जातो. गंमत बघा, मेसिये या फ्रेंच धूमकेतूशोधकाने आपली एम-क्रमांकांची यादी सुरू केली ती धूमकेतू शोधताना इतर धूसर ठिपक्यांनी फसायला होऊ नये म्हणून, पहिला एम१ त्याला १७५८ मध्ये धूमकेतूच्या मागावर असतानाच दिसला, पण एम४५ म्हणजे कृत्तिका बघून धूमकेतू म्हणून कोण फसणार होतं कुणास ठाऊक.

आता उलट बाजू, जिच्याकडे लोकांचं लक्षच जात नाही. ताऱ्यांवर अलाइन केलेल्या स्टॅकमधून धूमकेतू घालवायचा असतो ना, तिथेही हेच गणित लागू होतं आणि तिथे ते जास्त नडतं, कारण धूमकेतूचं डोकं, म्हणजे कोमा, ताऱ्यापेक्षा कितीतरी पसरट. समजा कोमा १० आर्कमिनिटांचा (एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद) आहे, म्हणजे तुमच्या फ्रेममध्ये १५० पिक्सेल. त्याला स्वतःच्या रुंदीइतकं सरकायला चार तास लागतात. चार तासांत एकदा! एका रात्रीत तो साफ होणं शक्यच नाही, हिरवा डाग उरणारच, आणि शेपूट तर विचारूच नका.

मला हे कळलं २०१८ च्या डिसेंबरात. ४६पी/विर्तानेन हा धूमकेतू पृथ्वीपासून जवळपास १ कोटी १६ लाख किमीवरून गेला, चंद्राच्या ३० पट अंतर फक्त, आणि १५-१६ तारखेला नेमका कृत्तिका आणि रोहिणीच्या मधून. चंद्र अष्टमीच्या आसपासचा, मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा, म्हणून मी तो मावळेपर्यंत वाट बघत बसलो आणि मग घाईघाईने दोन मिनिटांच्या फ्रेम सुरू केल्या. विर्तानेन तेव्हा दिवसाला सुमारे चार अंश, म्हणजे मिनिटाला १० आर्कसेकंद पळत होता, दोन मिनिटांत माझ्या लेन्सवर पाच पिक्सेल, त्यामुळे नाभी अंडं झाली ती झालीच. त्याचं वाईट नाही वाटलं. वाईट वाटलं ते घरी ताऱ्यांचा स्टॅक उघडल्यावर. कोमा इतका मोठा आणि विरळ होता की कृत्तिकांच्या एका बाजूला हिरव्या रंगाचा बोळा फिरवल्यासारखं दिसत होतं, आणि तो काढायला बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (पार्श्वभूमीचा पसरट उजेड वजा करणारी सोय) मारलं तर त्याने तेजोमेघही खाल्ला. दोन आठवडे घासत बसलो. शेवटी एक धडधाकट सिंगल फ्रेम ठेवली आणि बाकीचं सोडून दिलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट करतो आणि तुम्हालाही तेच सांगेन: दोन रात्री जा. ज्या रात्री धूमकेतू गुच्छाजवळ आहे त्याच्या आदल्या रात्री, नाहीतर दुसऱ्या रात्री, तीच लेन्स, तीच चौकट, तेच एक्स्पोजर, आणि त्या जागी धूमकेतू नसतानाचा कृत्तिकांचा फोटो. दिवसाला एक अंश म्हणजे तुमच्या दहा आर्कमिनिटांच्या कोमाच्या सहा पट अंतर तो एका दिवसात सरकलेला असतो. तुमची चौकट साधारण ६.७ बाय ४.५ अंशांची आहे, त्यामुळे तो फ्रेममध्ये असेल कुठेतरी, पण दुसऱ्या जागी, आणि दोन रात्रींतून प्रत्येक जागेचा एक तरी स्वच्छ तुकडा मिळतो. अपवाद शेपटीचा. शेपूट धूमकेतूच्या प्रवासाच्याच रेषेत पडत असेल तर दुसऱ्या रात्रीही तीच जागा शेपटीखाली येऊ शकते, तेव्हा आधी स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही रात्रींची दिशा बघून घ्या. शेपूट सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, म्हणजे अंदाज आधीच लावता येतो.

मला स्वतःला आदली रात्र आवडते. फोकस, चौकट, कॅमेऱ्याचा कोन सगळं आदल्या रात्री पक्कं होतं आणि मुख्य रात्री ढगांनी घोटाळा केला तरी हातात काहीतरी असतं. २०२३ च्या फेब्रुवारीत सी/२०२२ ई३ झेडटीएफ हा धूमकेतू रोहिणीजवळून गेला तेव्हा मी असंच केलं, रोहिणी म्हणजे कृत्तिकांमधल्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा मोठा दिवा, तरी अर्ध्या दिवसात प्रोसेसिंग संपलं. दोन्ही रात्री शक्यतो एकाच वेळेला शूट करा, म्हणजे तारे सारख्या उंचीवर असतात आणि आकाशाचा उजेड, क्षितिजाकडचा ग्रेडियंट बऱ्यापैकी जुळतो. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, तेवढं धरून चला.

या स्वच्छ फोटोचं करायचं काय? मुख्य रात्रीच्या प्रत्येक फ्रेममधून तो वजा करायचा. आधी सगळ्या फ्रेम ताऱ्यांवर अलाइन करा, दोन्हीची लेव्हल जुळवा, वजाबाकी करा. तारे गेले, तेजोमेघही गेला, उरला धूमकेतू आणि थोडा कचरा. मग या उरलेल्या फ्रेम धूमकेतूवर अलाइन करून सिग्मा क्लिपिंगने स्टॅक करा. पिक्सइनसाइट या विकतच्या सॉफ्टवेअरच्या कॉमेटअलाइनमेंटमध्ये वजाबाकीची सोय आहेच. फुकटातलं हवं असेल तर सिरिलमध्ये अख्ख्या सिक्वेन्सवर स्टारनेट चालवून तारे काढता येतात आणि मग धूमकेतूवर अलाइन करता येतं, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा: स्टारनेट तेजोमेघ काढत नाही, तो फराटा तसाच राहतो, आणि कधीकधी धूमकेतूच्या नाभीलाच तारा समजून काढून टाकतं. डोक्याच्या मधोमध भोक पडलेला धूमकेतू पाहिला नसेल तर लवकरच बघाल. डीपस्कायस्टॅकरमध्ये तारे आणि धूमकेतू असा एकत्र मोड आहे, साध्या आकाशात मस्त चालतो, कृत्तिकांजवळ त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

वजाबाकीत मोठ्या ताऱ्यांच्या जागी काळी-पांढरी वलयं राहतील, कारण दोन रात्रींचा फोकस कधीच शंभर टक्के सारखा नसतो. ती धूमकेतूच्या स्टॅकमध्ये बरीचशी क्लिप होतात, कारण आता उरलेला उजेड हॅलोइतका मोठा नसतो, फक्त वलयाइतका बारीक असतो. तरी जी राहतील ती सहा-सात, हाताने मास्क लावून साफ करा.

शेवटी दोन्ही थर, म्हणजे ताऱ्यांचा स्वच्छ फोटो आणि धूमकेतूचा स्टॅक, एकत्र करताना धूमकेतू कापून चिकटवू नका, बेरीज करा, तीही स्ट्रेच करायच्या (अंधूक भाग उजळवायच्या) आधी. कोमा हा इतका विरळ वायू आहे की मागचे तारे त्यातून आरपार दिसतात, म्हणजे आकाशातही उजेडाची बेरीजच होत असते, त्यामुळे बेरीज केलेला फोटो खरा दिसतो आणि कापून लावलेला लगेच ओळखू येतो, कोमाच्या आतले तारे एकतर गायब असतात नाहीतर मंद झालेले. धूमकेतू ठेवायचा कुठे, तर मधल्या फ्रेमच्या वेळी तो जिथे होता तिथेच. जरा खाली घेतला तर कॉम्पोझिशन छान दिसेल असं वाटेल, तो मोह आवरा. आणि कॅप्शनमध्ये स्वच्छ लिहा की तारे अमुक रात्रीचे, धूमकेतू तमुक रात्रीचा, जागा अमुक वेळेची. काही लोकांना दोन रात्रींचा फोटो म्हणजे फसवणूक वाटते, मला नाही वाटत, कारण कृत्तिका एका रात्रीत कुठे हलत नाहीत, पण लपवलं तर मात्र ती फसवणूकच.

एक्स्पोजर विचारलं होतंत म्हणून तेही सांगतो. तीन मिनिटं चालतील म्हटलं तरी मी एक मिनिटच ठेवेन, धूमकेतूसाठी नव्हे, मोठे तारे कमी जळावेत आणि फ्रेमची संख्या वाढावी म्हणून. तीन तास मिळाले तर १८० फ्रेम होतात, आणि तो आठ मिनिटांचा बारीक तारा १८० पैकी फक्त आठ फ्रेममध्ये आड येतो. लेन्स एफ/२.८ ची असेल तरी एफ/४ ला आणा, हॅलो कमी होतो. आयएसओ ८०० ते १६०० कुठेही. आकाश किती काळं आहे त्यावर हे सगळं बदलतं, शहराच्या उजेडात ३० सेकंदांतच हिस्टोग्राम अर्ध्यावर जाईल, तिथे तीसच ठेवा. आणि शहरात राहता म्हणून नॅरोबँड ड्युअल फिल्टर (रंगांच्या दोन अरुंद पट्ट्याच आत सोडणारा) लावायचा विचार असेल तर काढून ठेवा. कोम्याचा हिरवा रंग दोन कार्बन अणूंच्या रेणूचा, तो मुख्यतः ५१६ नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि हे फिल्टर ऑक्सिजनची ५०१ ची रेघ सोडून शेजारचं जवळपास सगळं अडवतात. धुळीची शेपूट तर निव्वळ परावर्तित सूर्यप्रकाश, तीही जाते, आणि कृत्तिकांचा तेजोमेघ पण तसाच, परावर्तित.

कॅमेऱ्याचं घड्याळ. हे वेगळं सांगतो कारण इथे मी तोंडावर आपटलोय. सॉफ्टवेअर पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवर तुम्ही दाखवलेली नाभी घेतं आणि मधल्या फ्रेममध्ये धूमकेतू कुठे असेल ते प्रत्येक फ्रेमच्या वेळेवरून काढतं. एकदा मध्यरात्री बॅटरी बदलली आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्याची आतली बारकी बॅटरी संपलेली होती, घड्याळ गेलं काही वर्षं मागे. मला पत्ता नाही. स्टॅक केल्यावर दोन धूमकेतू! घड्याळ पाच मिनिटं पुढे-मागे असलं तर स्टॅकला फरक पडत नाही, मध्येच बदललं तर सगळं बिघडतं. बॅटरी बदलल्यावर तारीख बघायची सवय लावून घ्या.

धूमकेतू फार जवळून जात असेल तर अजून एक भानगड असते. पृथ्वी फिरते तसे आपणही रात्रभरात जागा बदलतो, त्यामुळे जवळचा धूमकेतू ताऱ्यांसमोर सरळ रेषेत न जाता किंचित वाकडा जातो. विर्तानेनच्या वेळी हा पॅरलॅक्स दीड-दोन आर्कमिनिटांपर्यंत जात होता. तुमचा धूमकेतू किती जवळ आहे त्यावर हे अवलंबून, पण सोपी तपासणी आहे, अलाइन केल्यावर मधली फ्रेम उघडून नाभी जागेवर आहे का बघा. नसेल तर सिक्वेन्सचे तासा-तासाचे तुकडे करून वेगवेगळे अलाइन करा. वायूची निळी शेपूट चांगली दिसत असेल तरी तुकडेच करा, कारण तिच्यातल्या गाठी तासाभरात सरकतात आणि तीन तासांच्या स्टॅकमध्ये सगळं गुळगुळीत होऊन जातं.

फ्लॅट्स (लेन्सच्या कोपऱ्यातला अंधार दुरुस्त करण्यासाठी घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) घ्याच, दोन्ही रात्रींचे, कॅमेरा न फिरवता. पसरट कोमा आणि लेन्सच्या कोपऱ्यातला अंधार हे डोळ्यालाही वेगळे करता येत नाहीत, सॉफ्टवेअरला काय येणार. बॅकग्राउंड काढताना सँपल पॉइंट कोम्यापासून आणि शेपटीपासून लांब, मोजकेच ठेवा, ऑटोमॅटिक तर मुळीच नको. लेन्सला दव धरतं तिथे हीटरची पट्टी लावा. बाहतिनोव्ह मास्कने (लेन्ससमोर लावायच्या खाचांच्या जाळीने) फोकस करा, आणि तो काढायला विसरू नका, हसू नका, २० फ्रेम गेल्यात माझ्या त्यात.

दुसरी रात्र मिळालीच नाही, ढग आले, तर? तर जी एक रात्र आहे ती ताणून घ्या, धूमकेतू जितका वेळ उंच आहे तितका वेळ, मध्ये एक-दीड तासाची गॅप ठेवून दोन हप्त्यांत घेतलं तरी चालतं, कारण हॅलोला बाजूला व्हायला वेळ हवाय, त्या वेळात फ्रेम चालू असल्याच पाहिजेत असं नाही. आणि धूमकेतू गेल्यावर आठवड्याने जरी आकाश मोकळं झालं तरी स्वच्छ फोटो तेव्हा घ्या, कृत्तिका तिथेच असतील, फक्त चंद्र कुठे आहे ते बघून जा. जायच्या आधी एक टेस्ट मात्र आजच करून ठेवा: अल्सायनी मधोमध घेऊन एक मिनिटाची एक फ्रेम, आणि हॅलो किती पिक्सेल येतोय ते मोजा. माझे ४० हे माझ्या लेन्सचे आहेत, तुमचे २५ निघाले तर ६४ मिनिटांची ४० मिनिटं होतात आणि बरंच काम सोपं होतं.